बूड वाचायला शिका : जुन्या बरण्या, कपबशा आणि चिनी मातीच्या लहानसहान वस्तू जमवताना

जुनं घर रिकामं करायला काढलं की भंगारवाला आधी पितळ मागतो. मग तांबं, लोखंड, रद्दी. माळ्यावरची चिनी मातीची बरणी मात्र तो हातात घेतो आणि परत खाली ठेवतो. ती वितळत नाही, तिला वजनाचा भाव नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी हेच झालं. सगळं सामान हललं आणि अंगणात तुळशीपाशी तीन बरण्या, एक बिनझाकणाची किटली आणि कान तुटलेले चार कप तेवढे उरले. मोठी बरणी मी उचलली, सहज उलटी केली, तेव्हा तिच्या बुडावर मातीत दाबलेला एक पुसट ठसा दिसला. लहानपणापासून त्या बरणीतलं लोणचं खाल्लं होतं, पण ती कुठे घडली हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी जमवायला लागले ती तिथून. ज्यांना अशा वस्तूंची ओढ आहे पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. पैसे लागतात ते थोडे. वेळ मात्र भरपूर लागतो, आणि खरी मजा त्या वेळ घालवण्यातच आहे.

आधी हाताला माती ओळखू द्या

आपण सगळ्यालाच ‘चिनी माती’ म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळ्या जाती आहेत. त्या ओळखता आल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. घरातल्याच चार वस्तू काढा आणि शेजारी शेजारी ठेवा.

पहिली जात कमी आचेवर, साधारण १,००० ते १,१५० अंश सेल्सिअसला भाजलेली. हिला इंग्रजीत अर्थनवेअर म्हणतात. ही आतून सच्छिद्र राहते, सगळी भिस्त वरच्या काचेसारख्या थरावर, म्हणजे झिलईवर असते. टवका उडाला असेल तिथे बोट ओलं करून लावा, पाणी लगेच शोषलं जातं. दुसरी स्टोनवेअर. आपली लोणच्याची बरणी ही त्यातलीच. १,२०० ते १,३०० अंशांना भाजलेली, दगडासारखी घट्ट, जड. तिसरी पोर्सिलेन. ती पांढऱ्या केओलिन मातीची, त्याहूनही जास्त आचेची आणि पातळ. पोर्सिलेनचा कप दिव्यासमोर धरला आणि मागे बोटं फिरवली तर बोटांची सावली कपातून दिसते. बोन चायना तिची बहीण म्हणायची. तिच्यात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, म्हणून तिचा पांढरा रंग निळसर न दिसता किंचित सायीसारखा, ऊबदार दिसतो. आमच्याकडे पूर्वी सोवळ्यात कपबशी चालत नसे, त्याची कारणं वेगळी होती. पण हाडाची राख हे कळल्यावर आजीने काय केलं असतं, असा विचार मनात येऊन जातोच.

बरणी हातात असेल तर तिच्या अंगावरची दोन रंगांची सीमारेषा नीट पाहा. वरचा भाग तपकिरी, खालचा मळकट पांढरा. बरणी उलटी धरून गळ्यापासून खांद्यापर्यंत तपकिरी झिलईत बुडवली की अशी रेष उमटते. हाताने बुडवलेल्या बरणीची रेष कधीच सरळ येत नाही. एका बाजूला ती चढते, एखाद्या ठिकाणी ओघळ येऊन थांबतो. माझ्या बरणीवर असा एक ओघळ आहे, करंगळीच्या नखाएवढा, शेवटी जाड होऊन गोठलेला. त्यावर बोट ठेवलं की ज्याने ती बुडवली त्याचा हात किती वेळ थांबला होता ते कळल्यासारखं वाटतं.

मग बूड वाचा

या छंदात एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही लावा : वस्तू दिसली की उलटी करायची. झाकण असेल तर आधी ते काढून बाजूला ठेवा. उचलताना कान धरू नका, दोन्ही हातांनी पोट धरा. कान वेगळा करून ओल्या मातीने चिकटवलेला असतो, जुन्या वस्तूची सगळ्यात कच्ची जागा तीच.

बुडावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, बसण्याची कडा. वस्तू ज्या वर्तुळावर टेकते तिथे झिलई नसते आणि माती उघडी दिसते. पन्नास वर्षं फडताळात आणि ओट्यावर सरकलेल्या वस्तूची ही कडा गुळगुळीत, थोडी करडी झालेली असते, आणि तिच्यावर वेगवेगळ्या दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात. ओरखडे सगळे एकाच दिशेने असतील किंवा कडेला चहाच्या पाण्यासारखा तपकिरी रंग सारखा फासलेला दिसला, तर कुणीतरी मुद्दाम म्हातारपण आणलं आहे असं समजा.

दुसरी, भट्टीच्या खुणा. बशीच्या पाठीवर त्रिकोणात तीन बारीक खरबरीत ठिपके दिसतात. भाजताना बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये तीन टोकांचा आधार ठेवत, त्याची ही खूण. अनेकजण याला दोष समजून बशी परत ठेवतात. ठेवू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे छाप, आणि इथे रमायला जागा आहे. १८९१पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशातला ते लिहिणं सक्तीचं झालं. आपल्याकडे येणाऱ्या मालाला तो नियम लागू नव्हता, पण कारखाने सगळीकडे सारखाच छाप वापरत, त्यामुळे हा नियम आपल्यालाही उपयोगी पडतो. नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसाव्या शतकातली. छापात चौकट उभी करून शंकरपाळ्यासारखा आकार असेल आणि त्याच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील, तर ती १८४२ ते १८८३ या काळातली इंग्लंडची नोंदणी-खूण. १८८४पासून तिच्या जागी साधा नोंदणी क्रमांक आला. जपानी माल असेल तर ‘निप्पॉन’ हा शब्द १९२१पर्यंतचा, पुढे ‘जपान’. आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेली वस्तू मिळाली तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२पर्यंतच्या थोड्याच वर्षांतली. अशी एक चिमुकली कपबशी माझ्याकडे आहे, भातुकलीत शोभेल एवढी. जपानी कपांची आणखी एक गंमत : काही कपांच्या तळाशी मातीच्या जाडी-पातळीने चेहरा कोरलेला असतो. सरळ पाहिलं तर काही दिसत नाही. कप उजेडाकडे धरा, आत एक बाई तुमच्याकडे बघत असते.

भारतीय छापांवर लिहिलेलं फार कमी सापडतं, म्हणून मला त्यांचं जास्त अप्रूप आहे. बेंगॉल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज ही नावं जुन्या कपबशांखाली वरचेवर भेटतात. सौराष्ट्रातल्या थानगढला या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवणारे परशुराम गणपुले मराठी होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाची परशुराम पॉटरी कित्येक घरांत बुडाखाली गपचूप बसलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाने कुंभारांना घेऊन मातीकामाचं केंद्र उभं केलं. बेळगावजवळ खानापूरही मातीकामासाठी ओळखीचं.

छापात साल नसेल तर आजूबाजूचे शब्द वाचा. दुकानाचा पत्ता असलेल्या बरणीवर पिनकोड असेल तर ती १९७२च्या ऑगस्टनंतरची, कारण पिनकोड तेव्हा आला. मापं औंस, पौंड किंवा शेरात असतील तर बहुतेक साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची, कारण १९५६च्या कायद्यानंतर पाच-सहा वर्षांत मेट्रिक मापं सगळीकडे सक्तीची झाली. ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’, ‘कॅलकटा’ की ‘कोलकाता’ तेही पाहा. एकटा पुरावा कधीच पुरेसा नसतो. दोन-तीन पुरावे जुळले की मगच वहीत साल लिहा, तेही अंदाजे म्हणून.

नक्षी हाताने काढलेली आहे की छापलेली हे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून कळतं. सगळी नक्षी एकसारख्या बारीक टिपक्यांची दिसली तर ती अलीकडची छपाई. जुन्या निळ्या-पांढऱ्या इंग्लिश बशांवर तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून बशीवर नक्षी उतरवत. त्यात काठाची पट्टी जिथे येऊन मिळते तिथे वेल तुटतो, अर्धं फूल दुसऱ्या अर्ध्या फुलाशी जुळत नाही. ती जागा शोधणं हा मला कोडं सोडवण्यासारखा आनंद वाटतो.

विकत घेण्यापूर्वी पाच मिनिटं

वस्तू तळहातावर पेलून धरा, कडेला नखाने हलकी टिचकी मारा आणि कान द्या. धड पोर्सिलेन खणखणीत वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. तडा गेलेली वस्तू बद्द वाजते. कुंभाराकडून माठ घेताना आपली आई हेच करायची. पण जाड बरणीचा आवाज मुळातच ठस असतो, तिथे कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा.

मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. डोळ्याला चुकलेला टवका बोटाला सापडतो. मोबाइलचा टॉर्च आतून लावा, केसासारखी चीर असेल तर काळी रेघ उठून दिसेल. झिलईवरची जाळी आणि चीर यांत फरक आहे. जाळी फक्त वरच्या थरात असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली, ती वयाची खूण म्हणून चालते. चीर आरपार जाते, आतून-बाहेरून एकाच जागी दिसते.

चिकटवलेला कान हा सगळ्यात मोठा धोका. एका प्रदर्शनात मी निळ्या फुलांची किटली घेतली, किंमत मोजली ती धड वस्तूची. घरी आणून गरम पाण्यात ठेवली आणि कान हातात आला. सांध्याला पिवळसर डिंकासारखा थर होता आणि त्यावर सफाईने पांढरा रंग मारलेला. तेव्हापासून अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च पिशवीत असतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तो लावला की बरेच डिंक आणि नंतर मारलेले रंग मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. विक्रेत्याला आधी विचारून घ्या. बहुतेकजण हसून परवानगी देतात.

दुरुस्त केलेली वस्तू घेऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या मोठ्या बशांच्या पाठीवर कधी कधी तड्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून धातूच्या बारीक पट्ट्यांनी टाके घातलेले दिसतात. डिंक चांगले नव्हते तेव्हाची ही पद्धत. असा टाका असलेली बशी मी धड बशीपेक्षा आवडीने घेते, कारण ती कुणाला तरी टाकवली नव्हती.

शोधायचं कुठे

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा, चिनी माती बहुधा भांड्यांच्या ढिगाच्या तळाशी असते. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, शुक्रवार सोडून. तिथे भाव चढे आहेत, पण बघायला आणि हात लावायला मिळतं, हेच नवख्याला हवं. गोव्यात जुन्या घरांत मकाववरून आलेली चिनी भांडी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असतात, ती बाजारात क्वचितच येतात आणि यावीत अशी माझी इच्छाही नाही.

सगळ्यात चांगली जागा मात्र बाजार नाही, आपलेच नातेवाईक. घर पाडून इमारत होणार असेल तिथे आधी पोचा, ‘काकू, चिनी मातीचं काही टाकणार असाल तर मला कळवा’ एवढं सांगून ठेवा. पैसे न घेता देतात, आणि त्याबरोबर वस्तूची हकिकतही मिळते, जी बाजारात कधीच मिळत नाही.

पैसे कमी असतील तर लहान वस्तूंपासून सुरुवात करा. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमधले चिनी मातीचे फ्यूज आणि बटणं कुणालाच नको असतात. लोणी ठेवायच्या वाट्या, खलबत्त्यातले छोटे खल, मुलांच्या भातुकलीच्या कपबशा. आणि शाईच्या दगडी बाटल्या! तपकिरी, चकचकीत, ओतायला चोच काढलेल्या. बुडाजवळ दाबलेली अक्षरं वाचा : इंग्लंडमधल्या डेन्बीच्या बोर्न कारखान्याचा आणि लंडनच्या पी. अँड जे. अरनॉल्ड या शाईवाल्यांचा ठसा एकाच बाटलीवर सापडतो. कुठल्या कचेरीत, कुठल्या कारकुनाच्या टेबलाशी ती रिकामी झाली असेल कोण जाणे.

डोळा तयार व्हायला उत्तम वस्तू पाहाव्या लागतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची मातीची भांडी आहेत. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी त्या कलाशाळेत हे काम सुरू केलं, त्यावर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. काचेपलीकडची झिलई तासभर बघा, मग बाजारात जा.

घरी आणल्यावर

बांगड्या आणि अंगठ्या काढा. प्लॅस्टिकचा टब घ्या, तळाशी जुना टॉवेल पसरा. स्टीलच्या सिंकमध्ये, नळाखाली धुवू नका. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, एका वेळी एकच वस्तू. गरम पाण्याचा झटका नको. सोनेरी काठ असेल तर चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी यांपैकी काहीही नको. सोनं झिलईच्या वर बसवलेलं असतं आणि सहज निघतं. ब्लीचच्या वाटेला जाऊच नका. ते जाळीतून आत शिरतं, सुकताना त्याचे स्फटिक बनतात आणि झिलई आतून उचलली जाते.

लोणच्याच्या बरणीची एक वेगळी गोष्ट. माझी साताऱ्याची बरणी स्वच्छ धुवून शेल्फवर ठेवली, आणि महिन्याभरात तिच्या पोटावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. पुसलं, पुन्हा आलं. चाखून पाहिलं तर खारट. वर्षानुवर्षांचं मीठ झिलईच्या भेगांतून मातीत मुरलं होतं आणि हवेतला दमटपणा कमी-जास्त झाला की बाहेर फुटत होतं. भिंतीला लोणा लागतो, त्यातलाच हा प्रकार. याकडे दुर्लक्ष केलं तर फुटणारं मीठ झिलईचे पापुद्रे उडवतं.

उपाय सोपा आहे, घाई चालत नाही एवढंच. बरणी साध्या, शक्य तर डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा त्या पाण्याचा थेंब काचेवर टाकून सुकू द्या. पांढरं कडं उमटलं तर मीठ अजून आहे. माझ्या बरणीला सव्वा महिना लागला. नंतर सावलीत, उलटी, दोन काड्यांवर टेकवून पंधरा दिवस सुकवली. चिकटवलेल्या किंवा वरून रंगवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नका.

वापरायचं की नुसतं बघायचं?

धड, जाळी नसलेली बरणी खुशाल वापरा. तिच्या झिलईला भाजायला इतकी आच लागते की त्यात सहसा शिसं घालावंच लागत नाही. कमी आचेच्या, भडक रंगांच्या जुन्या बशा-वाट्यांत मात्र शिसं असू शकतं. त्यात लोणचं, कोकम, दही, चिंचेची चटणी असं आंबट काहीही ठेवू नका, मुलांना त्यात खायला देऊ नका. जाळी पडलेल्या कपात रोज चहा पिऊ नका. सोनेरी काठाचं काही मायक्रोवेव्हमध्ये नको. शंका असेल तर ती वस्तू बघण्याची.

मांडताना कपात कप ठेवू नका, कान धरून खुंटीला टांगू नका. बशा एकावर एक ठेवायच्या असतील तर मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला. वर्तमानपत्र नको, शाई उघड्या मातीत उतरते. सोन्यावर चिकटपट्टी लावू नका, काढताना सोनं तिच्याबरोबर येतं.

परदेशी नेण्याआधी

शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पणजीची बरणी अमेरिकेत लेकीकडे पाठवायची असेल आणि ती तेवढी जुनी असण्याची शक्यता असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. आणि किल्ल्यांच्या, जुन्या बंदरांच्या परिसरात पडलेले निळे-पांढरे तुकडे खिशात घालू नका. ते जिथे पडलेत तिथेच इतिहास सांगतात. उचललेला तुकडा मुका होतो.

वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, बुडाच्या उघड्या मातीवर पेन्सिलने लिहा किंवा दोऱ्याला चिठ्ठी बांधा. वहीत त्याच क्रमांकापुढे माप, वजन, छाप, दोष, कुठून आली, काय दिलं आणि कुणाच्या घरातली हे लिहा. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, आणि ती त्याच दिवशी लिहावी लागते. देणारी काकू पुढच्या वर्षी असेलच असं नाही. माझ्या वहीतलं पहिलं पान असं आहे :

‘१. बरणी, झाकणासह. उंची ११ इंच. वर तपकिरी, खाली पांढरी, खांद्यावर एक ओघळ. बुडावर दाबलेला ठसा, अर्धा वाचता येतो. गळ्याशी टवका, जुना. आजीच्या माहेरून, कराडहून बैलगाडीने आली. आधी कैरीचं लोणचं, नंतर मीठ. टवका थोरल्या काकाने पाडला, तोंडावर बांधलेलं फडकं, दादरा, सोडताना, वय वर्षं सात. आजी ओरडली नाही, असं काका म्हणतो.’